आहुप्याच्या रस्त्याची रुंदी

पुणे-नाशिक रस्ता मंचरला सोडला की घोडेगाव लागतं, पुढे शिनोली आणि मग डिंभ्याचं धरण. भीमाशंकरला निघालेली बहुतेक गर्दी इथून पोखरीच्या घाटाने वर जाते. दुसरा रस्ता जलाशयाच्या काठाने फुलवडे, अडिवरे अशी गावं घेत पश्चिमेला सरकतो आणि आहुप्याला सह्याद्रीच्या कड्यापाशी संपतो. डोंगराच्या सोंडा पाण्यात उतरल्या आहेत आणि प्रत्येक सोंडेला वळसा घालत रस्ता पुढे जातो. कोकणात खाड्यांच्या काठाने जाताना असंच होतं. समोरचं गाव दिसत असतं, पण तिथे पोचायला अर्धा तास लागतो.

या रस्त्यावरून माझ्या ओळखीच्या दोन माणसांचं पटत नाही. एक पुण्याच्या, पन्नाशीच्या पुढच्या. कोकणचा किनारा त्यांनी सायकलने पालथा घातला आहे. दुसरे याच भागातले, आश्रमशाळेत शिकवून निवृत्त झालेले महादेव कोळी गृहस्थ. त्या त्यांना गुरुजी म्हणतात, ते त्यांना ताई म्हणतात. ताई सायकलवरून लांबचे प्रवास करणाऱ्यांसाठी या रस्त्याचं एक माहितीपत्रक तयार करताहेत. त्याचा मसुदा घेऊन त्या घोडेगावला गुरुजींकडे आल्या. मी ऐकायला होतो. जिथे राहवलं नाही तिथे मध्ये बोललो आहे.

ताई : गुरुजी, हा रस्ता एकदा सायकलवर बसून बघा. पुणे ते मंचर हे साठेक किलोमीटर मी जीव मुठीत धरून येते. चाकणच्या आसपास तर डोळे रस्त्यावर आणि कान मागच्या ट्रकवर. घोडेगावनंतर जरा हायसं वाटतं, आणि डिंभ्याच्या पुढे पहिल्यांदा मान वर करून बघता येतं. पाणी एका वळणाला दिसतं, दुसऱ्याला दिसेनासं होतं. चढ आहेत, पण लहान गिअर टाकून बेताने पाय मारत राहिलं की जमतं. आणि शेवटी आहुपे. गावापलीकडे जमीनच संपते. खाली मुरबाडचा मुलूख, समोर गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके. पुण्याच्या माणसाला आपल्याच जिल्ह्यात सायकलने गाठता येतील असे रस्ते आता उरलेत किती?

गुरुजी : रस्ता चांगला आहे, मी कुठे नाही म्हणतो? पण तुमच्या कागदावर लिहिलंय, ‘वाहनांची वर्दळ जवळजवळ नाही.’ ते वाचून तुमच्या माणसाला आनंद होईल. आमच्याकडच्या पोरीला दहावीनंतर घोडेगावच्या कॉलेजात जायचं असतं, तिला त्याच ओळीचा त्रास आहे. वर्दळ नाही म्हणजे एसटीची फेरी चुकली की दिवस गेला. बाळंतीण अडली तर जीप शोधायची. तुम्हाला जो रस्ता मोकळा मिळतो, तो आमच्या गैरसोयीने मोकळा ठेवलेला आहे.

ताई : हे मला मान्य आहे. म्हणून तर मी सगळ्यांत आधी तुमच्याकडे आले.

गुरुजी : मग पुढचं ऐका. ‘हुतात्मा बाबू गेनू सागराचं अथांग निळं पाणी’ असं लिहिलंत. बाबू गेनूंचं सगळं बरोबर लिहिलंय. याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे, १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत परदेशी कापडाच्या लॉरीपुढे आडवे झाले. पण त्या पाण्याखाली काय आहे, ते नाही लिहिलं. आंबेगाव आहे त्याच्याखाली. तालुका ज्याच्या नावाने ओळखतात, ते गाव. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की जुन्या देवळाचे अवशेष उघडे पडतात. घोड नदीचं पाणी आमच्या आहुप्याच्या अंगाला उगम पावतं, आमच्या जमिनीवर साठतं आणि कालव्याने पूर्वेकडच्या उसाला जातं. पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळात पेरायचा आणि जलाशयात मासे धरायचा हक्क मिळवायला आमच्या लोकांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं. आनंद कपूर आणि कुसुमताई कर्णिक यांची ‘शाश्वत’ संस्था सोबत होती म्हणून काही पदरात पडलं. तुमचा सायकलवाला वळणावर थांबून फोटो काढतो तेव्हा हे त्याला माहीत असावं.

ताईंनी तिथल्या तिथे ‘अथांग निळं’ खोडलं आणि समासात बुडालेल्या आंबेगावची नोंद केली. प्रवासाच्या माहितीपत्रकात ही नोंद बहुधा नसते. धरणांच्या काठी पर्यटन वाढवायच्या योजना निघतात तेव्हा विस्थापितांचा उल्लेख पहिल्या पानावर यायला हवा, असं मला फार वाटतं. तो नसला की पाहुणा त्या माणसांना देखाव्यातली माणसं समजतो.

पण ताई मूळ मुद्द्यावरून हलल्या नव्हत्या.

ताई : एसटी हवी, दवाखाना हवा, रस्ता खड्ड्यांशिवाय हवा. यातल्या कशालाही माझी ना नाही. मला भीती आहे ती रुंदीकरणाची. कोकणात मी मुरूड, श्रीवर्धन, हरिहरेश्वर करत बागमांडल्याला येते. तिथून फेरीबोटीने वेश्वीला उतरायचं. दाभोळहून धोपावे, तवसाळहून जयगड, पुन्हा फेरीबोट. खाडी आडवी आली की सगळ्यांनाच थांबावं लागतं, म्हणून तो किनारा इतकी वर्षं सावकाश राहिला. लांबच्या पल्ल्याच्या गाड्या महामार्गानेच गेल्या. आता रेवस ते रेड्डी सागरी महामार्गासाठी खाड्यांवर पूल होणार. मुख्यमंत्री अंतुल्यांच्या काळापासून ज्याची चर्चा होती तो रस्ता खरोखर येतो आहे. तो झाला की केळशी, आंजर्ले, वेळास ही गावं आज आहेत तशी राहतील?

गुरुजी : दाभोळच्या माणसाला विचारलंत का?

ताई : काय?

गुरुजी : रात्री बोट बंद झाल्यावर पलीकडच्या बहिणीकडे कसं जायचं, ते. मी कोकणातला नाही, पण नकाशा शिकवलाय तीस वर्षं. समोर दिसणाऱ्या काठावर जायला चिपळूणवरून वळसा. तुमच्यासाठी ती खाडी म्हणजे अर्ध्या तासाची विश्रांती, त्यांच्यासाठी रोजचा खोळंबा. पूल त्यांनी मागितला असेल तर तुम्ही आणि मी आड येणारे कोण?

ताई यावर काही क्षण बोलल्या नाहीत. मला मात्र इथे मध्ये बोलावंसं वाटलं. पूल स्थानिकांची गरज म्हणून मागितला जातो हे खरं, पण त्याची रुंदी ठरवताना स्थानिकांची गरज कितपत पाहिली जाते? दोन गावांना जोडायला जेवढा रस्ता पुरतो, त्याहून पुष्कळ मोठा रस्ता दोन शहरांना जोडायला लागतो. गावाने मागितलेला एक असतो, मिळतो दुसराच. गुरुजींना हे पटलं, पण अर्धंच.

गुरुजी : एवढं मोठं काही आहुप्याला होणार नाही. पुढे कडा आहे. तिथून कोकणात मोटार कशी उतरणार?

ताई : उतरायला नको, नुसतं कड्यापर्यंत यायला पुरे आहे. श्रावणातल्या सोमवारी भीमाशंकरच्या वाटेवर काय होतं ते तुम्ही बघता. तिथे निदान ज्योतिर्लिंग आहे, लोक भक्तीने येतात. आहुप्याला रुंद रस्ता झाला तर शनिवार-रविवारी कडा बघायला येतील, गाडीची दारं उघडी टाकून गाणी लावतील आणि संध्याकाळी परत जातील. काजव्यांच्या दिवसांत अकोले तालुक्यात हेच चाललंय. मे संपता संपता झाडं लुकलुकायला लागतात आणि त्यांच्यावर हेडलाइट मारत गाड्यांच्या रांगा लागतात. काजवा उजेडानेच जोडीदाराला हाक मारतो. त्याच्या तोंडावर एवढा झोत मारल्यावर त्याने काय करायचं? तुमच्या शिवारातही काजवे आहेत, गुरुजी.

गुरुजी : आहेत. आणि गाणी लावणारे आत्ताच यायला लागलेत, अरुंद रस्त्यावरूनसुद्धा. त्यांना रस्ता अडवत नाही.

मग गुरुजींनी माळीणचा विषय काढला. आहुप्याच्या रस्त्यावर बोलताना तो टाळता येत नाही.

गुरुजी : ३० जुलै २०१४. सकाळी माळीणवर डोंगर कोसळला. दीडशेवर माणसं गेली. बाहेर ते पहिल्यांदा कुणाला दिसलं? एसटीच्या चालकाला. नेहमीच्या फेरीवर निघालेला माणूस, रोज दिसणारं गाव जागेवर नाही, सगळा चिखल. त्याने खबर दिली म्हणून यंत्रणा हलली. त्या दिवशी एसटी त्या बाजूला गेली नसती तर किती वेळाने कळलं असतं? शांत रस्ता, शांत रस्ता म्हणता तेव्हा मला तो चालक आठवतो.

ताई : मलाही माळीणच आठवतं, पण दुसऱ्या कारणाने. रुंदीकरण म्हणजे डोंगराची बाजू उभी कापायची. तुमच्याकडे पडतो तसा पाऊस, आणि खाली मऊ झालेली माती. डोंगर कशामुळे सुटला यावर जाणकारांनी पुष्कळ लिहिलंय. मी त्यातली नाही. पण उतार कापला की पाणी नवी वाट धरतं, हे तुम्हीच मला शेताच्या बांधावर उभं राहून दाखवलं होतंत. मग रस्त्यासाठी तोच डोंगर आणखी कापा असं कसं म्हणायचं?

दोघांचंही म्हणणं खोडता येत नाही. एकाच घटनेतून एसटीची फेरी वाढवा ही मागणी निघते आणि डोंगर कापू नका हीसुद्धा. या दोन मागण्यांचा एकमेकींशी झगडा नाही, हे मात्र बोलता बोलता दोघांच्याही ध्यानात आलं. कारण पुढची दहा मिनिटं ते रस्त्याच्या कडेबद्दल बोलत होते.

ताईंनी सांगितलेलं ज्यांनी सायकल चालवली आहे त्यांना लगेच कळेल. डांबराची कड तुटून तुटून आत आलेली असते. डांबर आणि साइडपट्टी यांच्यात चार बोटांची पायरी पडते. समोरून एसटी आली की सायकलवाल्याला खाली उतरावं लागतं. तो उतरतो, आणि परत वर येताना पुढचं चाक त्या पायरीला घासत राहतं, वर चढत नाही. हँडल वळतं आणि माणूस आडवा होतो. गुरुजी म्हणाले, एसटीच्या चालकाचंही दुखणं तेच आहे. समोरून जीप आली की डावी चाकं साइडपट्टीवर घ्यावी लागतात, आणि पावसात ती पट्टी किती वजन पेलेल याचा भरवसा नसतो. मोऱ्या गाळाने भरल्या की डोंगरातलं पाणी गटार सोडून डांबरावरून वाहतं आणि पहिल्यांदा कडच खाऊन टाकतं. म्हणजे मुरूम दाबून भरलेली साइडपट्टी, उपसलेल्या मोऱ्या, धोक्याच्या वळणांवर कठडे, आणि गाड्यांना एकमेकींना वाट देता येईल अशा थोड्या थोड्या अंतरावर रुंद जागा. हे सगळं डोंगर फारसा न कापता होतं. एसटीला चालतं, रुग्णवाहिकेला चालतं, सायकललाही चालतं. माझ्या मते रस्त्याबद्दलची आपली सगळी चर्चा रुंदीवर होते आणि देखभालीवर होत नाही, हा फार मोठा दोष आहे. रुंदीकरणाचं उद्घाटन होतं. मोरी उपसल्याचं कुणी करत नाही.

यानंतर गाडी पैशांवर आली.

गुरुजी : तुमचे सायकलवाले मी बघतो. मागे एक गाडी. गाडीत केळी, खजूर, पाण्याचे कॅन, सगळं पुण्याहून आणलेलं. कड्यावर जातात, फोटो काढतात आणि उलटे फिरतात. आहुप्यात एक चहासुद्धा घेत नाहीत. मोटारवाला निदान भजी खातो.

ताई : ते शर्यतीच्या सरावाला येतात. त्यांच्यासाठी हे पत्रक नाहीच. ज्याच्या सायकलच्या कॅरिअरला दोन बाजूंना दोन पिशव्या लटकताहेत, त्याच्यासाठी आहे. तो पुण्याहून किंवा मंचरहून निघून आहुप्याला पोचतो तेव्हा दमलेला असतो. मोटारवाला कडा बघून रात्री जेवायला घरी जाऊ शकतो. सायकलवाल्याला ते शक्यच नाही. त्याला तुमच्याकडे जेवावं लागतं, झोपावं लागतं, सकाळी पुन्हा पोटभर खाऊन निघावं लागतं. तांदळाची भाकरी, पिठलं, जे असेल ते. संथपणामुळे त्याचा पैसा गावात राहतो.

हा मला ताईंचा सर्वांत भक्कम मुद्दा वाटतो. पर्यटनाची मोजदाद आपण डोक्यांवर करतो, किती आले. त्यातले किती मुक्कामाला राहिले, हे विचारलं तर दहा गाड्यांपेक्षा चार सायकली गावाला जास्त देऊन जातील. गुरुजींनी हे नाकारलं नाही, पण त्यांनी लगेच पुढचा प्रश्न टाकला.

गुरुजी : चौघं कुणाच्या घरी राहतील? ज्याचं घर रस्त्याला लागून आहे, ज्याच्याकडे फरशीचं न्हाणीघर आहे, त्याच्या. वरच्या वस्तीवरच्या म्हातारीच्या घरी कुणी जाणार नाही. दोन वर्षांत एक घर पैसेवालं होईल आणि बाकीचे तिथे भांडी घासतील. तुमच्या पत्रकात एका घराचा फोन नंबर छापला की हे सुरू झालं समजा.

ताई : मग कुणाचा छापू?

गुरुजी : कुणाचाच नको. हा पट्टा अनुसूचित क्षेत्रात येतो. ग्रामसभेला अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा आहे. ग्रामसभेपुढे ठेवा. पाळी लावायची की नाही, दर काय, किती माणसं एका वेळी चालतील, हे गाव ठरवील. नंबर द्यायचाच तर गावाने नेमलेल्या माणसाचा द्या.

ताई : हे मला आवडलं. देवराईसारखंच झालं. तिथे जसे गावाने घालून दिलेले नियम आहेत, तसेच या रस्त्याला...

गुरुजी : नाही, ताई. देवराईचं नाव यात नका घेऊ.

गुरुजींचा आवाज चढला नव्हता, पण त्यांनी हात आडवा केला. आहुप्याची भैरवनाथाची देवराई ज्यांनी पाहिली आहे त्यांना त्यामागचं कारण समजेल. आत ऊन पोचत नाही. गारंबीचे वेल माणसाच्या मांडीएवढे जाड, एका झाडावरून दुसऱ्यावर, पीळ घालत गेलेले. खाली कुजलेल्या पानांचा थर पायाखाली दबतो. तिथून वाळकी काटकीही घरी न्यायची नाही, हा रिवाज पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला आहे.

गुरुजी : देवराई आमची आहे आणि देवाची आहे, म्हणून टिकली. तिथला नियम मोडायची आम्हालाच भीती वाटते. रस्ता सरकारचा. त्यावर कोण येणार हे आम्ही कसं ठरवणार? दोन्ही गोष्टी एका तराजूत घातल्या तर रस्ता देवराईसारखा होणार नाही. देवराई रस्त्यासारखी होईल. तुमच्या कागदावर देवराई दाखवू नका असं मी म्हणेन.

ताईंनी देवराईच्या खुणेभोवती गोल केला आणि ती काढून टाकली. मला ती राहावी असं वाटत होतं. लोकांना असं जंगल दिसलं तर त्याची किंमत कळते, असं माझं मत. पण तो निर्णय माझा नव्हता, ताईंचाही नव्हता.

ताई : एक विचारते. पत्रकात मी आहुप्याला ‘रस्त्याचं टोक’ म्हटलंय. तेही खटकलं का?

गुरुजी : टोक मोटारीसाठी. माणसाची वाट तिथून खाली खोपिवलीला उतरते. आहुपे घाट. देशावरून कोकणात जायच्या जुन्या वाटांपैकी एक. आमच्या आजोबांच्या वेळेला खालच्या बाजारहाटाला आणि म्हसा गावच्या जत्रेला माणसं तिथूनच जात. जत्रेत बैल आणि घोंगड्या मिळायच्या. सोयरिकी खाली व्हायच्या. आमच्या वाडवडिलांना मुरबाड जवळचं आणि पुणे लांबचं होतं. डांबरी रस्ता आला आणि आम्ही टोकाला गेलो.

हे ऐकून मला वाटलं, ताईंना प्रिय असलेली शांतता मुळात तितकी जुनी नाही. बैल, माणसं, मिठाची ओझी यांची ये-जा असलेली ही वाट होती. वाहनं आल्यावर वाटसरूंचा ओघ दुसऱ्या घाटांकडे गेला. त्या अर्थाने दोन चाकांवर, दमून, भूक लागलेला माणूस गावात पोचणं हे आहुप्याला मोटारीपेक्षा ओळखीचं असावं. गुरुजींना मी हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, आमच्या पोरांना सायकल कधी उपयोगाची वाटली नाही, एका गिअरची सायकल या चढांवर ढकलतच न्यावी लागते. वीस-बावीस गिअरची तुमची सायकल आमच्या म्हशीपेक्षा महाग असते. यावर ताईंकडे उत्तर नव्हतं आणि त्यांनी ते देण्याचा प्रयत्नही केला नाही.

शेवटी वेळापत्रकाचा प्रश्न निघाला. मसुद्यात होतं, ‘उत्तम काळ : ऑक्टोबर व नोव्हेंबर.’

गुरुजी : हे का?

ताई : पाऊस गेलेला असतो, धरण भरलेलं असतं, डोंगर अजून हिरवे असतात. ऊन चढायच्या आत घाट होतो.

गुरुजी : आणि आमची भातकापणी असते. बाई पहाटे खाचरात जाते ती अंधारात येते. तिने आल्यावर चार पाहुण्यांच्या भाकऱ्या थापायच्या? जुलैत आवणी, तेव्हाही नको, आणि पावसात दरडीही येतात. उन्हाळ्यात हिरडा. बाळहिरड्याच्या दिवसांत अख्खं घर झाडावर किंवा झाडाखाली. अंगणात, रस्त्याच्या कडेला, सगळीकडे हिरडा वाळत घातलेला असतो. हिरवा असतो तो काळा पडेपर्यंत परतत राहावा लागतो. रोख पैसा आमच्याकडे त्यातूनच येतो. जून २०२० च्या निसर्ग वादळात कितीतरी झाडं मोडली, म्हणून उरलेल्या झाडांवर डोळे आणखीच लागलेले. त्या दिवसांत सायकलीची चाकं हिरड्यावरून जाता कामा नयेत, हे ठळक लिहा.

ताई : मग उरलं काय?

गुरुजी : डिसेंबर, जानेवारी. भात घरात आलेलं असतं, घरात माणूस असतं. थंडी कडक पडते, पण घोंगडी देऊ.

ताईंनी महिने बदलले. सायकलस्वाराच्या दृष्टीने हा तोटाच, तोवर डोंगर करडे पडतात. पण त्यांनी एकही शब्द न बोलता नवे महिने लिहिले, आणि त्या पत्रकावर माझा विश्वास बसला तो त्या वेळी.

गुरुजी : आणि एसटीच्या वेळा घाला.

ताई : सायकलवाल्याला एसटी कशाला?

गुरुजी : चेन तुटली, पाय मुरगळला, तर सायकल एसटीतच चढवून खाली यायचं आहे त्याला. आणि चढावर एसटी येत असेल तर आधी उतरून बाजूला व्हायचं, हेही लिहा. ती चढावर थांबली की पुन्हा उचलायला जड जाते.

ताई : रुंदीचं मात्र आपलं ठरलं नाही.

गुरुजी : नाही. मला वाटतं थोडी वाढवावी लागेल. तुम्हाला वाटतं नको. ते ग्रामसभेत बोला, माझ्यासमोर बोलून काय उपयोग? येणार का?

ताई : येईन. कधी आहे?

गुरुजी : तारीख कळवतो. सायकलवर येणार असाल तर आदल्या दिवशी या. सभा सकाळी असते.